आयच्या धवल्यामागचा रिव्हर्ब

आमच्या कीबोर्डवर रिव्हर्ब शून्यावर आणायला फार तर दहा सेकंद लागतात. फंक्शनचं बटण दाबत राहायचं, पडद्यावर रिव्हर्ब हा शब्द आला की वजाचं बटण धरून ठेवायचं. आकडा सरसर खाली येतो. कोरसचंही तसंच. दोन्ही मिळून वीस सेकंद. त्या दिवशी ती वीस सेकंदं मी दिली नाहीत, आणि माझ्या आईला भरल्या मांडवात खाली मान घालून बसावं लागलं. हे लिहितानाही माझे कान तापतायत. राग कोणावर आहे ते सगळं नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण प्रयत्न करतो.

मी पेणच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव खाडीकाठचं. वडील मिठागरावर काम करतात. घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे ज्यात बटण किंवा फॉर्म असेल ते सगळं मला कळतं असं घरचे धरून चालतात. वायरमनशी मी बोलायचं, मोबाइल अडकला की मी बघायचा, औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर मी वाचायचं. मला ते येतंच असं नाही. पण नाही म्हणायला मला लाज वाटते.

आई शाळेत गेलेली नाही. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात, हळदीत धवले म्हणतात, ते म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं ही लग्नातली गाणी. तसं नाही. धवलारीण सांगेल तसं लग्न पुढे सरकतं. ती आधी गावदेवीचं नाव घेते, मग त्या घराच्या कुळदेवाचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांचं. ती सगळी मांडवात येऊन बसली, की मग ती हळदीला हात घालायला सांगते. तेही गाण्यातच. आई आणि माझी काकी दोघी मिळून एक ओळ म्हणतात. ओळ संपते. मग एका श्वासाएवढं काहीच नसतं. त्यानंतर समोर बसलेल्या दोघी तीच ओळ उचलतात. मधला तो रिकामा श्वास सगळ्यांनाच लागतो. समोरच्या बायकांना त्यावरून ओळ संपली हे कळतं, आईला त्यात पुढची ओळ आठवते, आणि हळदीची वाटी घेऊन बसलेल्या बाईला आपली वेळ आली की नाही ते समजतं. आईकडे वही नाही. तिची वही म्हणजे तो श्वास. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. आता येतंय, पण नुकसान झाल्यावर.

मी कीबोर्ड शिकलो तो रोह्याच्या एका पार्टीत. हळदीला वाजवणारी पार्टी, सगळे धाटावला कंपनीत कामाला, शिफ्ट सांभाळून वाजवणारे. पार्टीचा जो मुख्य, त्याला सगळे दादा म्हणतात. त्याने मला फुकट शिकवलं. त्याची सलग पाळी असली की कीबोर्ड आठवडाआठवडा माझ्या घरी ठेवायला द्यायचा, सराव कर म्हणायचा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण माझी जीभ त्याच्यासमोर उचलत नाही ती यामुळे.

दादाला भरलेला आवाज आवडतो. रिव्हर्ब म्हणजे आवाज मोठ्या रिकाम्या देवळात घुमल्यासारखा करणारी सोय. पट्टीवरून बोट उचललं तरी सूर मागे रेंगाळतो. कोरस म्हणजे एकच सूर चारपाच जणांनी किंचित वरखाली धरून म्हटल्यासारखा करायचा. सूर जाड होतो, पण थरथरतो. दादा दोन्ही आकडे शेवटपर्यंत नेऊन ठेवायचा. कोळीगीतांना, नाचाच्या गाण्यांना ते खपून जायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला सांगू. माझी कच्ची बोटं त्या घुमण्यात लपायची.

मग ती हळद आली. पेणपासून थोडं आत, खाडीकडचंच गाव. धवला म्हणायला आई आणि काकी, वाजवायला आमची पार्टी. दुपारी चारची वेळ, मांडवावर पत्रे, त्यामुळे आवाज तसाही आपटून परत येत होता. दादाने मला बाजूला घेतलं.

"आयच्या मागं आपण म्युझिक द्यायचं. स्ट्रिंग लाव, व्हायोलिनवाला आवाज. लांब सूर धरून ठेव, बास."

"धवल्याला मागं काय नसतं, दादा."

"म्हणून तर पोरं त्या टायमाला उठून जातात. आज बघ, एक नाय उठनार."

मी आईला विचारलं. ती लाजली. हे मला सर्वात जास्त बोचतं. ती लाजली आणि काकीला कोपर मारून म्हणाली, "आयकलंस गो? पोरगा वाजवनार, मी बोलनार." काकी म्हणाली, "मंग काय, तू आता टीव्हीवरची बाय झालीस." दोघी हसल्या.

पत्र्याच्या मांडवात आवाज आधीच आपटतो, म्हणून मी घरून निघताना दोन्ही आकडे खाली आणून ठेवले होते. पण आमचा कीबोर्ड बंद करून चालू केला की सगळं विसरतो, पुन्हा कंपनीच्या आकड्यांवर जातो. तिथून दादाने ते वर चढवले. मी बघत होतो. बटण माझ्या डाव्या हातापासून वीतभर होतं.

आईने पहिली ओळ घेतली. मी सूर धरला. कोरसमुळे तो पाण्यातल्या सावलीसारखा हलत होता. आईने दोनदा आपला सूर बदलून बघितला. गळ्यात काही अडकलंय असं वाटून खाकरली. ओळ संपली. मी बोट उचललं, पण आवाज उठला नाही. तो पत्र्याखाली घुमत राहिला. समोरच्या दोघींना कळेना संपलं की नाही. एक उशिरा लागली, दुसरी लागलीच नाही. आई थांबली. पुढची ओळ उचलली, तर मागचा सूर अजून तिथेच. तिने माझ्याकडे पाहिलं. ती मदत मागत होती हे मला कळलं. मी दादाकडे पाहिलं. त्याने मान डोलावून सांगितलं, भारी, चालू ठेव. मी चालू ठेवलं.

गावदेवीचं नाव झालं. कुळदेवाच्या नावाआधी आई पुन्हा तशीच थांबली, शांतता होण्याची वाट बघत. शांतता आलीच नाही. त्या घोळात वाटी घेऊन बसलेल्या बाईला वाटलं, नावं झाली. तिने नवरदेवाच्या गालाला हळद लावली. मागून चारपाच जणींचे हात पडले.

"थांबा गो! देवाचं नाव कुठं झालंय?" नवऱ्याची आत्या ओरडली. म्हातारी बाई, तिथे तिचाच शब्द चालत होता. "धवलारीन, काय झालं तुला? कुळदेव बाहेर उभा ठेवलास आन् हलद लावलीस?"

आईने मान खाली घातली. काकी काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात दादाने माइक घेतला. वातावरण हलकं करावं असं त्याला वाटलं असेल. तो म्हणाला, "आयची बॅटरी उतरली वाटतं, चार्जिंगला लावा!" पोरं हसली. बायकाही हसल्या. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "वय झालं बायचं. पुढच्या टायमाला दुसरी बघा."

माझी बोटं पट्ट्यांवर होती.  दादाने नाचाचं गाणं सुरू करायला सांगितलं, आणि मी ते वाजवलं. मी ते वाजवलं हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय.

परत येताना टेम्पोत आई मागे बसली होती. ती म्हणाली, "इसरले रं मी. असं कवा झालं नव्हतं." मी खिडकीतून बाहेर बघितलं.

पाचसहा दिवसांनी मामीचा फोन आला. मामाकडे लग्न होतं, मामाच्या मुलीचं. आईचं माहेर रोह्याच्या बाजूला, कुंडलिकेच्या खाडीवर. भाचीच्या लग्नाचा धवला आईनेच म्हणायचा हे ती मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. फोन स्पीकरवर होता. मामी म्हणाली, "त्या हळदीचं आयकलं. आमी इचार केला, तुला तरास नको. पोरांनी धवले मोबाइलवरून काढून पेनड्राईवमधे भरलंन. तू नुसती पाटावर बस, मान घे."

"बरं गो," आई म्हणाली. एवढंच. फोन ठेवून ती तांदूळ पाखडायला बसली. मग मला म्हणाली, "बरं झालं. मधीच इसरले तर पोरीच्या आयुष्याला लागंल."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मामीवर नाही, आत्यावर नाही. लोकांनी आईला विसराळू म्हटलं ते एक. पण आता आईनेही ते मानलं होतं. तिच्या डोक्यात जे काही साठवलेलं आहे त्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता. आणि त्याचं कारण ती मशिनीत शोधणारच नव्हती, कारण मशीन मी चालवत होतो. शिकलेला मुलगा चुकणार नाही, मग चुकलं कोण? तीच.

कीबोर्ड घरातच होता. मी तो ओट्यावर मांडला आणि म्हणालो, "आये, म्हण."

"नको. जा तिकडं."

"एकदाच. काकीला पण बोलव."

काकी आली. मी दोन्ही आकडे दादासारखे वर चढवले आणि लांब सूर धरला. आईने नाइलाजाने सुरू केलं. तिसऱ्या ओळीला ती थांबली. मांडवात थांबली होती तशीच, मान तिरकी करून. "बघ," ती म्हणाली, "परत इसरले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय नाय इसरलीस. आता म्हण." मी रिव्हर्ब शून्यावर आणला, कोरस शून्यावर आणला. सूर कोरडा झाला, पत्र्याच्या डब्यासारखा. बोट उचललं की तुटायचा. ती पुन्हा म्हणायला लागली. काकीने ओळ उचलली. गावदेवी झाली, कुळदेव झाला, आजा झाला, पणजी झाली. मग मी कीबोर्ड बंदच केला. त्या दोघी थांबल्या नाहीत. वडील दारात येऊन उभे राहिले होते. आई कुठेही अडली नाही.

मी तिला समजावून सांगितलं. घुमणं काय, थरथरणं काय, तुझा श्वास कसा गिळला जातो ते सगळं. मला वाटलं ती सुटल्यासारखी हसेल. ती हसली नाही.

"ह्ये तुला तवाच ठावं व्हतं?"

मी कीबोर्डची वायर गुंडाळायला घेतली.

"मी तुझ्याकडं बघितलं व्हतं. हात तुझेच व्हते ना त्याच्यावर?"

"दादानं..."

"दादा माझ्या पोटचा हाय काय?" ती उठली. "बाया हसल्या मना. मी पाचसहा रोज झोपले नाय रं. मना वाटलं डोकं गेलं माझं. आन् तू भाकर खात व्हतास समोर बसून."

काकी म्हणाली, "जाऊ दे गो." आई म्हणाली, "नाय जाऊ देनार." आणि आत गेली.

तिने मला दोन दिवस जेवायला वाढलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी धाटावला गेलो. पहिली पाळी सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या टपरीवर उभा राहिलो. मनात वाक्यं पाठ करत होतो. कंपन्यांच्या रसायनांच्या वासाने डोकं दुखत होतं. दादा मित्रांबरोबर बाहेर आला. मला बघून खूष झाला, चहा सांगितला.

"दादा, त्या दिवशी आयचं काय चुकलं नव्हतं."

"कधी? अरे ते! सोड ना, कोण लक्षात ठेवतंय."

"रिव्हर्बमुळे झालं. आणि कोरस."

तो मित्रांकडे वळला. "आयकलं काय? कॉलेजला जाऊन पोरगं हे शिकलं. रिव्हर्बवर केस टाकतोय आता." सगळे हसले. मग मला म्हणाला, "अरे, ते काढलं तर कीबोर्ड जत्रेतल्या खेळण्यासारखा वाजतो. पब्लिकला भरलेला आवाज पायजे."

"धवला पब्लिकसाठी नसतो."

"मग कोनासाठी असतो?"

"देवासाठी," मी म्हणालो. त्या टपरीवर, युनिफॉर्ममधल्या सातआठ माणसांपुढे ते फार बावळट वाटलं. पण मी म्हणालो.

"देवाला काय कोरडा आवाज आवडतो?" पुन्हा हशा.

मी म्हणालो, "तुम्ही माइकवर आयला हसलात. बॅटरी उतरली म्हणालात. ते तुम्ही तिच्या घरी येऊन मागं घ्या."

दादाचा चेहरा बदलला. चहाचा कप त्याने खाली ठेवला. "हे बघ. मी आठवी पास मानूस. मला जे भारी वाटलं ते लावलं. तू सायन्सवाला. तुला कळत व्हतं ना? मग तेव्हाच आकडा खाली का नाय केलास? आता आठ दिवसांनी येतोस माझ्या गेटवर, चार लोकांत?" मग म्हणाला, "रविवारी कीबोर्ड आनून दे."

 माझा राग त्याच्यावर होता आणि तो बरोबर बोलत होता, या दोन्हीचं एकदम काय करायचं ते मला समजेना. मी चहा तसाच ठेवून निघालो.

तिथून मी सरळ मामाकडे गेलो. मांडव बांधून झाला होता. मामी आणि गावातल्या पाचसहा बायका जात्यावर हळद दळायला बसल्या होत्या. मला बघून मामी म्हणाली, "ये रं भाच्या! आय कुठं?"

"आय नाय आली. मामी, एक सांगायचं हाय. त्या हळदीत आय इसरली नव्हती. मी मागं वाजवत होतो, त्या आवाजात तिला काय आयकू येत नव्हतं. मला समजत होतं, तरी मी आवाज कमी नाय केला. चूक माझी हाय."

एका दमात म्हणालो. जातं थांबलं. मामी ओशाळली. "आमी काय ती चुकली म्हनून नाय रं... तिला आराम पडंल म्हनून. पेनड्राईवमधे सगलं बरोबर हाय. मशीन चुकत नाय."

"त्या पेनड्राईवमधे तुमच्या गावदेवीचं नाव हाय काय?"

मामीने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने जात्याकडे.

"आणि आज्याचं?" मी विचारलं. मामाचे वडील म्हणजे माझे आजोबा, ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. "त्यांना कोण बोलावणार? तुम्ही ते आयकलंत तरी काय सगळं?"

कोपऱ्यातली एक म्हातारी खो खो हसायला लागली. "अगो बये! दुसऱ्याच्या गावची देवी येऊन बसंल आपल्या मांडवात! तिला काय खायला लागतं ते तरी ठावं हाय काय तुला?" बाकीच्याही हसल्या. यावेळी हसणं मामीवर होतं. तिने पदराने हात पुसले आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती नारळ आणि कुंकू घेऊन आमच्या घरी आली. आईने तिला पाणी दिलं, थोडा वेळ ताटकळत ठेवलं, मग नारळ घेतला.

मामाकडच्या हळदीला दुसरीच कुठली पार्टी होती. धवला सुरू होण्याआधी मामाने त्यांच्या वायरी काढायला लावल्या. मी बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभा होतो. वाजवायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि ते बरं होतं. कुळदेवाच्या नावाआधी आई थांबली.  तो तिचा नेहमीचा श्वास होता, एवढाच, पण मला तो फार लांब वाटला. मग तिने नाव घेतलं. आजोबांना बोलावलं. मामी रडली. हळदीची वाटी आईच्या शब्दावरच उचलली गेली. आईने सगळ्या मांडवावर नजर फिरवली. माझ्यावर आली तेव्हा ती थांबली नाही, पुढे गेली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "झालं ना आता नीट?"

"माहेरात झालं," ती म्हणाली. "त्या गावात काय? तिथं अजून मी इसरलेलीच हाय."

म्हणून काल मी त्या पहिल्या गावात गेलो. आत्याचं घर शोधलं. ती अंगणात सुकट उलथत होती. मी सगळं पुन्हा सांगितलं, यावेळी जास्त अडखळत. तिने हात थांबवला नाही.

"आता सांगून काय? पोराला हलद उलटी लागली ती लागली."

"ते मला बदलता येणार नाय. पण माझी आय इसरली नव्हती, एवढं इथं कळायला पायजे. तुम्ही बोललात की सगळे मानतात."

तिने मला वरून खालपर्यंत बघितलं. मग कंबरेवर हात ठेवून कुंपणापलीकडे हाक मारली, "अगो ये! आयकलंस काय? ती धवलारीन इसरली नव्हती! ह्या पोराचं मशीन बिघडलं व्हतं!"

"काय?" पलीकडून आवाज आला.

"मशीन!"

"मशीन नाय, आत्या," मी म्हणालो. "मशीन बरोबर चालत होतं. मी चुकलो."

तिने तेही ओरडून सांगितलं.